टेकडीआडचा कारखाना : माझदाच्या गावात

रविवार

ओसाकाहून निघालेली शिंकान्सेन दीड तासात हिरोशिमाला पोचते. स्टेशन यायच्या जरा आधी डाव्या खिडकीत बेसबॉलचं मैदान दिसतं. त्याची रुळांकडची बाजू मुद्दाम मोकळी ठेवली आहे, गाडीतून जाणाऱ्यालाही आतली हिरवळ दिसावी म्हणून. २००९ साली बांधलेलं हे माझदा स्टेडियम. मॅच संपलेली होती आणि लाल टोप्या, लाल शर्ट घातलेली कुटुंबंच्या कुटुंबं स्टेशनकडे चालत येत होती. आजी, सून, कडेवरचं पोर, सगळे लाल.

हा संघ हिरोशिमा तोयो कार्प. १९४९ साली, शहर अजून राखेतून डोकं वर काढत असताना, तो उभा राहिला. पाठीशी कुणी बडी कंपनी नव्हती. १९५१ मध्ये संघ बुडायला आला तेव्हा लोकांनी मैदानाच्या दाराशी साकेची पिंपं ठेवली, जमेल तेवढे पैसे त्यात टाकले आणि संघ वाचवला. नावातलं ‘तोयो’ आलं १९६८ साली, ‘तोयो कोग्यो’ या गावच्याच मोटार कंपनीनं संघ पदरात घेतल्यावर. तोयो कोग्योचंच नाव १९८४ साली माझदा मोटर कॉर्पोरेशन झालं.

माझदाच्या मोटारी भारतात विकायला आल्या नाहीत, त्यामुळे आपल्याला हे नाव माहीत आहे ते ‘स्वराज माझदा’मुळे. शाळेची बस, वऱ्हाडाची मिनीबस, भाजीचा ट्रक. १९८० च्या दशकात पंजाबातल्या स्वराज ट्रॅक्टरवाल्यांनी माझदाशी भागीदारी केली, त्यातून ती गाडी आली. माझे मामा उभा जन्म कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोरिंग-होनिंगचं, म्हणजे इंजिनाचे झिजलेले सिलिंडर कोरून-घासून नीट करायचं, दुकान चालवत आले. स्वराज माझदाच्या इंजिनांचे किती ब्लॉक त्यांच्या हाताखालून गेले असतील, त्याला गणती नाही. मी जपानला निघालेय म्हटल्यावर त्यांची एकच मागणी होती : “ते तीन कोपऱ्यांचं इंजिन दाखवणार असशील तर येतो.”

मला या कंपनीची ओढ लागली ती तिच्या आकारामुळे. टोयोटा वर्षाला एक कोटीच्या आसपास गाड्या विकते, माझदा बारा-तेरा लाख. एवढ्याशा कंपनीनं इतरांनी सोडून दिलेली कामं हाती का धरली आणि तडीस कशी नेली, हे तिच्या गावात जाऊन बघावं असं फार दिवस मनात होतं.

रात्री स्टेशनजवळ ओकोनोमियाकी खाल्ली. हिरोशिमात ती थर रचून करतात. तव्यावर पातळ धिरडं, त्यावर कोबीचा ढीग, मग नूडल्स, शेवटी अंडं, आणि वरून गोडसर सॉस. मामांनी पिशवीतून कांदा-लसूण मसाल्याची पुडी काढली आणि तव्यामागच्या बाईंनाही चिमूटभर चाखायला दिली. त्यांनी डोळे पुसत आणखी मागितला.

सोमवार

सकाळ शांतता स्मारक संग्रहालयात गेली. तिथे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. ते ज्यानं त्यानं तिथे उभं राहूनच बघावं.

दुपारी ट्रामनं हिजियामाच्या पायथ्याशी उतरलो. बॉम्बनंतर तिसऱ्याच दिवशी या शहरात ट्रामचा एक तुकडा पुन्हा धावायला लागला होता. बॉम्बच्या दिवशी होरपळलेल्या डब्यांपैकी ६५१ आणि ६५२ क्रमांकाचे डबे दुरुस्त होऊन पुढे कित्येक दशकं रुळावर राहिले. मामांना हे सांगितल्यावर प्रत्येक ट्रामचा नंबर वाचल्याशिवाय ते पाऊल उचलेनात.

हिजियामा स्फोटकेंद्राच्या पूर्वेला, जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. उंची साधारण ७० मीटर. आपल्याकडे डोंगरांच्या पंगतीत तिला कुणी बसवणारही नाही. पण वर चढून दोन्ही बाजूंना पाहिलं की १९४५ च्या ६ ऑगस्टला या टेकडीनं काय केलं ते कळतं. पश्चिमेकडे नद्यांच्या फाट्यांमधलं सपाट शहर, जे सगळं गेलं. पूर्वेला उताराखाली दानबारा, जिथल्या जुन्या वस्तीतलं बरंचसं टिकलं. आणि त्याच रेषेत आणखी पुढे, केंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरवर, फुचू गावात तोयो कोग्योचा कारखाना. अंतर आणि ही टेकडी, या दोघांनी मिळून तो वाचवला. काचा फुटल्या, छपरं उचकटली, पण इमारती आणि यंत्रं उभी राहिली. त्या सकाळी शहरात असलेले कितीतरी कामगार आणि कामगारांच्या घरची माणसं मात्र परतली नाहीत. कंपनीचे कर्ते पुरुष जुजिरो मात्सुदा यांचा तो सत्तरावा वाढदिवस होता. ते वाचले.

पुढे जे झालं ते मोटार कंपन्यांच्या इतिहासात मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. शहरात सरकार बसायला जागा उरली नव्हती, म्हणून त्याच महिन्यात हिरोशिमा प्रांताचं मुख्य कार्यालय या कारखान्यात आलं आणि पुढच्या वर्षापर्यंत कारभार तिथूनच चालला. न्यायालय आणि रेडिओ केंद्रही काही काळ तिथेच होतं. जखमींना तिथेच आणलं जात होतं. आणि डिसेंबर १९४५ मध्ये, चारच महिन्यांत, त्याच छपराखालून तीनचाकी मालगाड्या पुन्हा बाहेर पडायला लागल्या. शहर बांधायचं तर विटा, लाकूड, तांदूळ वाहायला काहीतरी हवंच होतं.

टेकडीवर आता बाग आहे आणि चेरीची गर्द झाडी. मामा पूर्वेच्या कठड्याशी उभे राहून फुचूची दिशा शोधत होते. “कारखाना राहिला म्हणून गाव उठलं,” ते म्हणाले. मी म्हटलं, गाव होतं म्हणून कारखानाही उठला. उतरेपर्यंत आमचं यावरच चाललं होतं.

मंगळवार

या दिवसासाठी सगळा खटाटोप. माझदा संग्रहालय बघायला पैसे पडत नाहीत, पण आगाऊ नोंदणी लागते आणि ठरल्या वेळी कंपनीच्या मुख्य कचेरीत हजर व्हावं लागतं. हिरोशिमाहून लोकलनं दोन स्टेशनं, मुकाइनादा. तिथून पाच मिनिटं पायी. फुचू हे गंमतीचं गाव आहे : चारी बाजूंनी हिरोशिमा शहरानं वेढलेलं, पण स्वतःची पालिका राखून स्वतंत्र राहिलेलं.

कचेरीतून बसमध्ये बसवून कारखान्याच्या आवारातूनच नेतात. आवार पूर्व-पश्चिम सात किलोमीटर पसरलेलं आहे. मध्ये नदी आडवी येते, तिच्यावर कंपनीनं १९६५ साली स्वतःच्या खर्चानं पूल बांधला. नदीपलीकडे उजिनाचा कारखाना आणि त्याला लागूनच कंपनीचा धक्का. या बाजूला सुटे भाग आत येतात, त्या बाजूनं गाडी थेट जहाजात चढते.

जुजिरो इथलेच, मुकाइनादाच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या घरातले. बाप लहानपणीच गेला. कोवळ्या वयात ओसाकाला जाऊन लोहाराच्या हाताखाली उमेदवारी केली, पुढे पंप बनवायचा धंदा उभा केला आणि स्वतःच उभ्या केलेल्या कंपनीतून बाहेरही पडले. गावी परतल्यावर त्यांच्याकडे आली ती बूच बनवणारी कंपनी. ३० जानेवारी १९२० रोजी स्थापन झालेली ‘तोयो कॉर्क कोग्यो’. पहिल्या महायुद्धात युरोपातून बुचाचा पुरवठा तुटला म्हणून इथल्या ओकच्या सालीपासून बूच काढायची ती खटपट होती. युद्ध संपलं, खरं बूच पुन्हा यायला लागलं, धंदा ढासळला. १९२५ मध्ये आग लागली. कुणीही गाशा गुंडाळला असता. जुजिरोंनी लोहारकीचा हात यंत्रांकडे वळवला, १९२७ मध्ये नावातलं ‘कॉर्क’ काढून टाकलं आणि १९३१ साली पहिली गाडी बाहेर काढली, ‘माझदा-गो’.

माझदा-गो संग्रहालयाच्या सुरुवातीलाच उभी आहे. पुढे मोटारसायकल, मागे सामानाचा हौदा, ४८२ सीसीचं इंजिन. हँडलचा दांडा कोपरापर्यंत लांब. पारशांच्या अहुर माझदाचं नाव आणि मात्सुदांचं आडनाव, दोन्ही त्या टाकीवर एकत्र आली. १९३६ साली या गाड्यांचा ताफा दक्षिणेच्या कागोशिमापासून टोकियोपर्यंत चालवत नेला, सुमारे २७०० किलोमीटर, त्या काळच्या कच्च्या रस्त्यांवरून. पाहणाऱ्याला गाडीचा भरवसा वाटावा म्हणून. मामांना लगेच पुण्यात बनणारी हॅन्सिट आठवली, गावोगाव प्रवासी कोंबून धावणारी बजाज टेम्पोची तीनचाकी. “आपल्याकडंबी देश तीन चाकांवरच उठला,” ते म्हणाले. जपानमध्ये माझदाची तीनचाकी १९७४ पर्यंत बनत होती. शेवटचं मॉडेल दोन टन ओझं उचलायचं.

पुढचं दालन पटकन पाहिलं. १९६० ची आर३६० कूपे, कंपनीची पहिली मोटार. ३५६ सीसी, वजन अवघं ३८० किलो, किंमत तीन लाख येन. ठेंगणी आणि फार देखणी. मग कॅरोल, मग फॅमिलिया. आणि मग आमचे मामा थबकले.

काचेच्या पेटीत रोटरी इंजिनाचं हाउसिंग ठेवलेलं आहे. हाउसिंग म्हणजे ज्याच्या आत तिकोनी रोटर फिरतो ते घर, मध्ये किंचित आवळलेलं, रेशमाच्या कोशासारखं. साध्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँक त्याचं फिरणं करते. इथे रोटर फिरतच असतो. त्याची तिन्ही बाजूंची पोकळी आपापल्या वेळी आकुंचते, प्रसरते, आणि हवा घेणं, दाबणं, पेटणं, बाहेर टाकणं ही चारही कामं फिरता फिरता होतात. रोटरचा एक फेरा झाला की मधला शाफ्ट तीन फेरे मारतो. व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाही. कागदावर याहून सुटसुटीत इंजिन सापडणार नाही. रोटरच्या प्रत्येक टोकाला एक पट्टी असते, एपेक्स सील. ती भिंतीला घासत, गॅस अडवत फिरते. सगळं दुखणं त्या पट्टीत होतं.

त्या हाउसिंगच्या आतल्या चकचकीत क्रोमवर एकामागून एक आडव्या लाटा उमटलेल्या आहेत. बोट फिरवलं तर खडखड लागेल अशा. इथल्या इंजिनिअरांनी त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हटलं होतं. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, काचेला नाक लावलं आणि म्हणाले, “अगं, हे चॅटर आहे. लेथवर टूल लांब बाहेर काढलं की थरथरतं आणि जॉबवर अश्शाच लाटा उठतात. इथं ती पट्टी थरथरतेय.”

नेमकं तेच होतं. हे जर्मनीच्या फेलिक्स वान्केल यांचं इंजिन. एनएसयू कंपनीकडून तोयो कोग्योनं १९६१ मध्ये त्याचे हक्क घेतले. घ्यायला कारणही तसंच होतं. त्या सुमारास जपानचं उद्योग खातं मोटार कंपन्यांची मोजक्या गटांत बांधणी करायच्या विचारात होतं, आणि गावाकडची तीनचाकीवाली कंपनी कुणाच्या तरी पोटात जाणार हे दिसत होतं. जुजिरोंचे चिरंजीव त्सुनेजी तेव्हा अध्यक्ष होते. दुसऱ्या कुणाजवळ नाही असं काहीतरी हाती असल्याखेरीज आपण स्वतंत्र राहणार नाही, हे त्यांनी ओळखलं. हक्क आले, नमुन्याचं इंजिन आलं, आणि थोडे तास चालवल्यावर त्याच्या भिंतीवर हे ओरखडे आले.

१९६३ साली रोटरीचा वेगळा संशोधन विभाग काढला. प्रमुख केनिची यामामोतो. टोकियोच्या विद्यापीठात शिकलेला हा माणूस युद्धानंतर गावी परतला तो या कारखान्यात तीनचाकीचे गिअरबॉक्स जोडायच्या कामाला लागला होता. रोटरीवर त्यांचा आधी विश्वासही नव्हता. हाताखाली ४७ जण, म्हणून त्यांना मालकासाठी प्राण देणाऱ्या ४७ रोनिन सामुराईंचं नाव पडलं. पट्टी कशाची करायची यावर त्यांनी नाना पदार्थ पारखले. आधी पट्टीत आडव्या-उभ्या पोकळ्या पाडून पाहिलं की तिची थरथरण्याची गती बदलते, तेव्हा ओरखडे कमी झाले. मग कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली पट्टी सापडली, जिचा कार्बन स्वतःच वंगणाचं काम करतो. मामा हे भाषांतर ऐकताना मान डोलवत होते. “लाइनर कडक, रिंग मऊ. गुरुजींनी पहिल्या महिन्यात शिकवलेलं. पण ते शोधायला हिंमत लागते बघ, पाठीमागं कंपनी बुडायला टेकलेली असताना.”

त्या हिमतीचं फळ शेजारीच उभं आहे. ३० मे १९६७ रोजी बाजारात आलेली कॉस्मो स्पोर्ट, पांढरी, लांब शेपटीची, जमिनीसरशी. ४९१ सीसीचे दोन रोटर, ११० अश्वशक्ती. १९७२ पर्यंत सगळ्या मिळून १,१७६ बनल्या. दुसऱ्या वर्षी ती जर्मनीतल्या नुरबुर्गरिंगच्या ८४ तासांच्या शर्यतीत उतरली आणि चौथी आली. टिकणार नाही म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर कुठलं असणार! एनएसयू पुढे दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. जनरल मोटर्सनं हक्क घेऊन सोडून दिले, मर्सिडीजनं प्रयोग करून थांबवले. माझदानं २०१२ पर्यंत वीस लाखांच्या आसपास रोटरी गाड्या बनवल्या.

आणि मग ७८७बी, शर्यतीची गाडी. नारिंगी आणि हिरव्या चौकटींची, ५५ क्रमांकाची. मी हिच्यासमोर किती वेळ उभी होते ते मामांना विचारा. फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत माझदा १९७० च्या दशकापासून लढत होती आणि हरत होती. १९९१ साली या गाडीत चार रोटर होते, ७०० अश्वशक्ती, आणि मोठ्या प्रतिस्पर्ध्यांपेक्षा वजन कितीतरी कमी. वायडलर, हर्बर्ट आणि गाशो असे तिघे चालक. आघाडीवरची मर्सिडीज रविवारी दुपारी इंजिन तापून बाजूला झाली आणि माझदा पुढे आली. जॉनी हर्बर्टनं शेवटचे तास गाडी सोडलीच नाही. ३६२ फेऱ्या पुऱ्या करून तो उतरला तो शरीरातलं पाणी आटून कोसळलाच, बक्षिसाच्या व्यासपीठावर जाऊ शकला नाही. जपानी कंपनीनं ल मान्स जिंकल्याची ती पहिली वेळ. दुसरी यायला २०१८ उजाडलं, आणि ती टोयोटाची. पिस्टन नसलेल्या इंजिनानं ही शर्यत जिंकली ती तेवढी एकदाच. शर्यतीनंतर इंजिन खोललं तेव्हा आतली झीज नगण्य निघाली. हे ऐकून मामांनी गाडीला हात जोडले. त्याच साली कार्प संघानं सेंट्रल लीगही जिंकली. हिरोशिमात १९९१ हे साल कसं गेलं असेल!

शेवटी जुळणीची लाईन दाखवतात. तिथे फोटो काढायला मनाई आहे. एकाच पट्ट्यावर वेगवेगळ्या मॉडेलच्या गाड्या एकामागून एक येतात : एक उंच एसयूव्ही, तिच्यामागे छोटी हॅचबॅक, तिच्यामागे उजव्याऐवजी डाव्या स्टिअरिंगची तीच गाडी. प्रत्येकीचे भाग तिच्या वेळेला कामगाराच्या हाताशी येतात. लहान कंपनीला प्रत्येक गाडीसाठी वेगळा कारखाना परवडत नाही, तेव्हा ही कसरत तिला जमवावीच लागते. एक जण डॅशबोर्ड आत सरकवत होता. त्यानं बोल्ट घट्ट केले आणि मग तळहातानं कड चाचपून पाहिली. यंत्रानं दिवा हिरवा केलेला होता, तरी. मामांनी मला कोपरानं ढोसून तो हात दाखवला.

बुधवार

सकाळभर पाऊस. मामांच्या गुडघ्याला विश्रांती हवीच होती.

दुपारी उघडल्यावर टॅक्सीनं ओगोन्झानवर गेलो. ही २२० मीटर उंचीची टेकडी. वरून उजिनाचा कारखाना, कंपनीचा पूल, धक्का आणि त्यापलीकडे बेटांनी भरलेला समुद्र एका नजरेत येतो. धक्क्याला मोटारवाहू जहाज लागलेलं होतं, बिनखिडक्यांच्या भिंतीसारखं, आणि आवारात गाड्यांच्या ओळी. रांगेत एवढ्या लाल गाड्या दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या दिसणार नाहीत. माझदाचा तो लाल रंग थरांवर थर देऊन आणतात आणि वळणावर पडलेली सावली तिथे जवळजवळ काळी दिसते.

हे जहाज बघताना कंपनीची दुखरी बाजू समजते. एवढं उत्पादन एका गावात आणि गिऱ्हाईक समुद्रापलीकडे, त्यामुळे तिकडे वारा फिरला की इथे हुडहुडी भरते. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल पिणाऱ्या रोटरी गाड्या अमेरिकेत कुणी घेईना. सुमितोमो बँकेनं हात दिला. कारखान्यातल्या कामगारांना देशभरच्या विक्रेत्यांकडे पाठवलं, दारोदार गाड्या विकायला. कालपर्यंत पाना धरणारी माणसं ती. इंजिनिअरांनी रोटरीची तहान ४० टक्क्यांनी कमी करायचा विडा उचलला आणि १९७८ साली आरएक्स-७ ही रोटरीची स्पोर्ट्स गाडी आणली. तिचा आकार मातासाबुरो माएदा यांनी काढला. त्यांचे चिरंजीव इकुओ पुढे आरएक्स-८ चे आणि मग सगळ्या माझदा गाड्यांच्या आकाराचे मुख्य झाले. १९७९ मध्ये फोर्डनं चौथा हिस्सा घेतला, १९९६ मध्ये तो एक-तृतीयांशावर नेला आणि आपला माणूस अध्यक्ष नेमला. जपानी मोटार कंपनीचा तो पहिला परदेशी अध्यक्ष. २००८ च्या मंदीत फोर्डनं हिस्सा विकायला काढला आणि माझदा पुन्हा एकटी पडली. त्या एकटेपणात तिनं इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा सगळं कोऱ्या कागदावर नव्यानं मांडलं, तेच स्कायॲक्टिव्ह. मला विचाराल तर कंपनीच्या इतिहासातलं रोटरीच्या खालोखाल धाडस हे आहे, आणि त्याचं म्हणावं तितकं कौतुक होत नाही.

गुरुवार

भाड्यानं माझदाची रोडस्टर घेतली, उघड्या टपाची दोन आसनी गाडी. भारतात काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना इथे चालतो आणि रस्त्याची बाजूही आपलीच, डावी.

जगात दोन आसनी स्पोर्ट्स गाड्यांत हिच्याइतकी विकली गेलेली दुसरी नाही. १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली तेव्हा उघड्या टपाच्या हलक्या गाड्या जवळपास सगळ्यांनी बंद केल्या होत्या. इंग्रजांच्या कंपन्या थकल्या होत्या आणि मोठ्यांना त्यात नफा दिसत नव्हता. तशी गाडी करा, असं बॉब हॉल या अमेरिकी पत्रकारानं यामामोतोंना १९७९ मध्येच सुचवलं होतं. तेच रोटरीचे यामामोतो. ते १९८४ मध्ये अध्यक्ष झाले. तोशिहिको हिराई यांच्या हाताखाली गाडी घडली, घोडा आणि स्वार एक व्हावेत या एका विचारावर. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. आताची चौथी पिढी घडली ती नोबुहिरो यामामोतो यांच्या हाताखाली, ज्यांनी तरुणपणी ७८७बीच्या इंजिनावर काम केलं होतं.

टप उघडायला एक खटका आणि एक हात पुरतो. बसल्या जागेवरून मागे टाकायचा. द्रुतगती मार्गानं ओनोमिचीपर्यंत गेलो आणि तिथून शिमानामी काइदोला लागलो. बेटांवरून पुलांनी उड्या घेत शिकोकूला जाणारा हा साठेक किलोमीटरचा रस्ता. या गाडीला जोर दाखवायला जागा लागत नाही. १.५ लिटरचं इंजिन, वजन एक टनाच्या आतबाहेर, आणि ताशी ७० च्या मर्यादेतही ती पूर्ण जागी असते. गिअरचा दांडा मनगटाएवढाच हलतो आणि टक्कन बसतो. मी पुन्हा पुन्हा उगाच तिसरा टाकत होते, नुसत्या त्या बसण्यासाठी.

इकुचिजिमावर मुख्य रस्ता सोडून किनाऱ्याच्या अरुंद वाटेनं गेलो. लिंबाच्या बागा, वाळत घातलेली जाळी, घराघरांत मिनी ट्रक. एका वळणावर समोरून जुनी रोडस्टर आली, पहिल्या पिढीची, झाकणारे दिवे असलेली. चालवणाऱ्या आजोबांनी हात केला. मी हात करेपर्यंत मामांनी दोन्ही हात वर केले होते. त्या पहिल्या पिढीच्या गाड्या आज कंपनी स्वतः घेऊन पुन्हा नव्यासारख्या करून देते. बंद झालेले सुटे भाग त्यासाठी तिनं परत बनवायला घेतले आहेत.

तातारा पूल ओलांडून ओमिशिमाला थांबलो. पुलाचा मधला गाळा ८९० मीटर, १९९९ मध्ये झाला तेव्हा तारांनी तोललेल्या पुलांमध्ये जगात सर्वांत लांब. मामांनी तिथे बॉनेट उघडायला लावलं. इंजिन पुढच्या चाकांच्या मागे, जवळजवळ माणसांच्या पायांशी बसवलेलं आहे, म्हणजे वजन पुढे-मागे निम्मं-निम्मं. त्यांनी एका बोटानं बॉनेट वर-खाली करून पाहिलं. “ॲल्युमिनियम. इथं अर्धा किलो वाचवला, तिथं पाव किलो वाचवला, असं करत करत गाडी हलकी केलीय. हे किराणावाल्याच्या हिशोबानं काम करणारे लोक आहेत.” त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकलेली नाही.

ओशिमावरच्या किरोसानच्या सज्जावरून कुरुशिमाचे एकापुढे एक असे तीन झुलते पूल पाहिले. खाली समुद्राला भोवरे पडत होते. परतीला उशीर झाला, पण टप बंद केला नाही.

शुक्रवार

परतीच्या आगगाडीला वेळ होता, म्हणून हॉटेलजवळच्या माझदाच्या शोरूममध्ये शिरलो. मामांना एमएक्स-३० बघायची होती. आरएक्स-८ ही शेवटची रोटरी गाडी थांबल्यावर अकरा वर्षांनी, २०२३ मध्ये, रोटरी इंजिन या गाडीत परत आलं. चाकं विजेवर फिरतात. ८३० सीसीचा एकच रोटर लागेल तेव्हा सुरू होतो आणि बॅटरीसाठी वीज बनवतो, एवढंच त्याचं काम. लहानशा जागेत बसतो आणि फारसा हादरत नाही म्हणून त्याला ही नोकरी मिळाली. बाजूच्या भिंती आता ओतीव लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमच्या आहेत. आणि टोकावरच्या त्या पट्ट्या २ मिलिमीटरच्या होत्या, त्या २.५ केल्या आहेत.

मी हे सांगितल्यावर मामांनी खिशातली डायरी काढून आकडा लिहून घेतला. “अर्धा मिलिमीटर,” ते म्हणाले. “साठ वर्षं झाली, अजून त्याच पट्टीवर काम चालू आहे यांचं.” मग त्यांनी विक्रेत्या मुलाला खुणेनं विचारलं, इंजिन चालू करून ऐकवता येईल का. त्यानं आधी घड्याळ पाहिलं, मग मामांकडे पाहिलं, आणि किल्ली आणायला आत गेला.